परदेशी शिकणारे बडोदेकर, घरी फोनवर नेमकं काय सांगता?

विश्वामित्री_ते_एल्बे
रविवार, १४ डिसेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

घर बाजवाड्यात, सिव्हिल केलं टेक्नोत (कलाभवन, म्हणजे बडोद्याच्या एम. एस. विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी), आणि ऑक्टोबर २०२३ पासून जर्मनीत ड्रेस्डेनला मास्टर्स करतेय. सध्या थीसिसचे दिवस आहेत, म्हणजे थीसिस सोडून बाकी सगळं सुचतं. त्यातलंच हे एक.

आईचा फोन रोज ठरल्या वेळी येतो. तिकडे साडेनऊ, भांडीकुंडी आटोपलेली. इकडे पाच, आणि डिसेंबर म्हणजे चारलाच अंधार पडलेला. "काय विशेष?" "काही नाही." एवढा संवाद आम्ही दोघी इमानेइतबारे करतो. मग बाबा फोन घेतात, थंडी किती ते विचारतात, मी आकडा सांगते, ते "बापरे" म्हणतात. झालं.

आता हे "काही नाही" खोटं नाही, पण खरंही नाही. शुक्रवारचंच घ्या. मी लॅबमध्ये हीवी आहे, म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखाली तासांवर पैसे मिळणारी विद्यार्थी-मदतनीस. काम काय, तर काँक्रीटचे क्यूब मशीनमध्ये ठेवून फोडायचे. १५ सेंटीमीटरचा, २८ दिवसांचा क्यूब, टेक्नोच्या लॅबमध्ये असायचा तोच. आकडा चढत जातो, बराच वेळ काहीच होत नाही. मग आतून बारीक कुरकुर ऐकू येते, चारी बाजूंच्या खपल्या सुटतात आणि मधे डमरूसारखा आकार उरतो. तसा उरला तर चाचणी नीट झाली. एकाच अंगाने फुटला तर समजायचं की बसवतानाच वाकडा बसला होता. टेक्नोतले आमचे लॅबवाले काका त्या कुरकुरीवरूनच "आता जाणार हं" म्हणायचे आणि तो जायचाच. इथे सेन्सर आहेत, संगणकावर आलेख उमटतो, तरी माझा कान तिकडेच. हे आईला सांगितलं तर ती ऐकेल सगळं, नाही असं नाही. पण पुढचा प्रश्न "जेवलीस का?" हाच असणार.

किंवा बाटल्या. इथे प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, रिकामी बाटली सुपरमार्केटातल्या यंत्रात टाकली की परत मिळते. तिथल्या रांगेत पुष्कळदा म्हातारी माणसं दिसतात, मोठ्या पिशव्या घेऊन. स्वतः प्यायलेल्या बाटल्या नव्हेत त्या, कचऱ्याच्या डब्यांतून वेचलेल्या. म्हणून बरेच लोक रिकामी बाटली डब्यात न टाकता डब्याशेजारी उभी करून ठेवतात, वेचणाऱ्याला हात घालावा लागू नये म्हणून. मीही ठेवते. आपल्या पोळीतला (म्हणजे गल्लीतला) पस्तीवाला, रद्दी घेणारा, आठवतो, पण तो भाव करतो, भांडतो, पाणी मागतो. इथे रांगेत कोणी कोणाशी बोलत नाही. श्रीमंत देशातला हा प्रकार मला अजून पचलेला नाही.

आणि आज रविवार. सगळी दुकानं बंद, आवाज करायचा नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दाराखालून चिठ्ठी सरकवली होती, फार सभ्य भाषेत, की सकाळी आमच्याकडून "वाफेच्या इंजिनाचा" आवाज येतो. कुकर हो! रविवारी वरण-भात लावते मी. आता कुकरवर झाकण ठेवते, शिट्टी ठेवत नाही.

खरा मुद्दा पुढेच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा माझी परीक्षा होती. घरून रोज एकच, "आपल्याकडे काही नाही, पोळीत पाणी येत नाही." पोळीत नव्हतंच. पण समा भागात मामाच्या तळमजल्यावर कंबरेपर्यंत पाणी होतं आणि दोन दिवस ते सगळे गच्चीवर होते, हे मला मैत्रिणीने पाठवलेल्या व्हिडिओवरून कळलं. धोक्याची पातळी २५ फूट, नदी गेली ३५ च्या वर. मगरी रस्त्यावर आल्याचे फोटो तर इथल्या जर्मन मुलांनी मला दाखवले!

मग ११ सप्टेंबरला पहाटे इथला कॅरोला पूल पडला, एल्बे नदीवरचा. ट्रामची बाजू मध्यरात्रीनंतर नदीत कोसळली, शेवटची ट्राम जाऊन काही मिनिटंच झाली होती, नशिबाने कोणी सापडलं नाही. पुढच्याच आठवड्यात एल्बेलाही पूर आला, पाणी ६ मीटरपर्यंत चढलं. आता फोन उलट दिशेने सुरू झाले. बाबा म्हणाले, "तू त्या पुलावरून जातेस का?" मी म्हटलं, "छे, माझा रस्ताच नाही तो."

जात होते. आठवड्यातून कितीदा तरी.

तर प्रश्न असा: तुम्ही घरी काय सांगता, काय गाळता? आणि घरचे तुमच्यापासून काय गाळतात ते तुम्हाला कधी कळलं?

---

रावपुरा_टू_रेजायना

मी "जेवलो" आणि "झोपतो" या दोन शब्दांवर कॅनडात अख्खं डिप्लोमा काढलंय. उणे ३५ असताना आईला उणे १५ सांगायचो. उणे १५ लाच ती रडकुंडीला यायची.

खारीशिंग

कुकरची शिट्टी काढून कशी शिजते डाळ? झाकणाखाली उतू जाईल ना सगळं?

विश्वामित्री_ते_एल्बे

@खारीशिंग, तूरडाळ रात्रभर भिजवते आणि साध्या पातेल्यासारखी मंद आचेवर शिजवते. वेळ लागतो. रविवारी वेळच असतो.

करेलीबागची_आई

तुझा धागा वाचला गं पोरी. मी दुसऱ्या बाजूची. मुलगा मेलबर्नला आहे.

तुम्हाला वाटतं आम्हाला कळत नाही. "हॅलो" कसा म्हणतो त्यावरून कळतं की आज काहीतरी बिनसलंय. पण विचारलं तर तो चिडतो, म्हणून मग आम्ही "जेवलास का" विचारतो. तो प्रश्न जेवणाचा नसतोच. त्याच्या उत्तरात तो किती वेळ बोलतो ते आम्ही मोजत असतो.

आणि हो, आम्हीही गाळतो. मागच्या वर्षी ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. त्याचे पेपर चालू होते. आठ दिवस "बाबा बाहेर गेलेत", "बाबा झोपलेत", असं चालवलं. पेपर झाल्यावर सांगितलं. सांगून तरी काय करणार होता तो तिथून? तिकीट काढून आला असता, वर्ष गेलं असतं, कर्ज आमच्या डोक्यावर. मला त्याचं काही वाईट वाटत नाही. परत वेळ आली तर परत हेच करीन.

थेट_बोला

काकू, तुमच्याबद्दल आदर ठेवूनच बोलतो. हे बरोबर नाही.

मी लंडनला होतो तेव्हा आजी गेली. मला तेरावं उरकल्यावरच सांगितलं. कारण तेच, परीक्षा. मला आजीनं वाढवलंय. आई-बाबा दोघं नोकरीवर, मी शाळेतून यायचो तो थेट तिच्या खोलीत. त्या दिवसांत मी घरी दोनदा बोललो, "आजीला दे" म्हटलं, तर "ती देवळात गेलीय". पास झालो परीक्षेत. चांगल्या मार्कांनी. पण त्यानंतर आजतागायत घरून "सगळं ठीक आहे" ऐकलं की माझा विश्वास बसत नाही. मग मी शेजारच्या बेनना (बाईंना) वेगळा फोन करून खात्री करतो. ही वेळ आणली कोणी?

करेलीबागची_आई

@थेट_बोला, तुझं दुःख समजतं मला. पण सांगितलं असतं तर तू पेपर दिला असतास का?

थेट_बोला

नसता दिला बहुतेक. पण ते मी ठरवलं असतं ना, काकू.

मांडवीचा_भोंगा

दोघांनाही +१. हे काय झालं माझं, असं दोन्हीकडे +१ देता येतं का इथे?

दांडियाबाजारचे_काका

चांगला धागा. थोडं विषयाला धरून, थोडं सोडून लिहितो.

परदेशी शिकायला माणसं पाठवणं हे आपल्या बडोद्याला नवीन नाही. सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्त्या देऊन किती जणांना बाहेर धाडलं. त्यांतले सर्वांत मोठे डॉ. आंबेडकर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि ४ जून १९१३ ला करार झाला की परत येऊन दहा वर्षं बडोदे संस्थानची नोकरी करायची. तिथून न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ, १९१५ ला एम.ए. पुढे लंडन. मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. सामान वेगळ्या बोटीनं पाठवलं होतं, ती बोट महायुद्धात पाणबुडीनं बुडवली, पुस्तकं गेली.

आणि ज्या गावानं पाठवलं त्या गावात आल्यावर राहायला खोली मिळेना. पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहिले, कळल्यावर काठ्या घेऊन माणसं आली. कमाटीबागेत जाऊन बसले ते. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून आपण दाखवतो, पाहुण्यांना नेतो. न्यूयॉर्कच्या वसतिगृहात मिळालेली खोली बडोद्यात मिळाली नाही, हे मात्र पाहुण्यांना सांगताना आपला आवाज जरा खाली येतो.

मुलांनो, तुम्ही घरी काय सांगता हा प्रश्न आहेच. पण परत आल्यावर हे गाव तुम्हाला काय सांगतं, तेही कधी लिहा.

टॉवर_चार_रस्ता

काका, धागा कसलाही असो, तिसऱ्या परिच्छेदापर्यंत सयाजीराव येतातच 😄 मागे पाणीपुरीच्या धाग्यावरही आले होते.

दांडियाबाजारचे_काका

आजव्याचं पाणी पीत असशील तर येणारच. ते धरणही त्यांच्याच काळातलं.

टॉवर_चार_रस्ता

दंडवत स्वीकारा 🙏

भाडेकरू_क्रमांक_नऊ

काकांच्या शेवटच्या ओळीवर. मी मँचेस्टरहून शिकून आलो, बडोद्यातच नोकरी लागली, आणि अलकापुरीकडे खोली बघायला गेलो. पहिला प्रश्न आडनाव. दुसरा प्रश्न, काय खाता? मराठी म्हटल्यावर, "मासे तर नाही ना बनवत?" दलालानं आधीच बजावलं होतं, आडनाव विचारलं तर आधी नोकरीचं सांगा. मँचेस्टरला घरमालकानं फक्त पगाराचा कागद मागितला होता. तिथे सगळं सोनं आहे असं नाही, बसमध्ये शिव्या खाल्ल्यात मी. पण एकशे आठ वर्षांनी आपण किती पुढे आलो याचा हिशेब करायला बसलो तर अवघड जातं. हे मी आईला सांगितलं नाही. ती म्हणाली असती, "मग घरी येऊन राहा ना."

विश्वामित्री_ते_एल्बे

सगळ्यांचे आभार. थेट_बोला, तुमचा प्रतिसाद वाचून मी काल मामाला फोन केला, थेट मामालाच. पाण्यानं काय काय गेलं ते त्यानं एक तास सांगितलं. फ्रिज, गाद्या, मामीची सगळी लग्नातली पातळं. तो म्हणाला, "तू विचारलंच नव्हतंस ना." आणि मला वाटत होतं तो लपवतोय!

काका, करार आमचाही आहे, फक्त महाराजांशी नाही, बँकेशी. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून ठेवावे लागतात. रुपयांत १२ लाखांच्या आसपास. ते आपलेच पैसे महिन्याला ९९२ असे हातात येतात. पहिल्या महिन्यात मला तो पगार वाटला होता. मग खोलीभाडं, आरोग्यविमा गेला की उरतं त्यात मी सगळं युरोचे रुपये करून बघायचे. एक कोथिंबिरीची जुडी घेताना मनात खंडेराव मार्केटचा भाव चालायचा. तो हिशेब आता बंद झालाय, न केलेलाच बरा. पैशाचं मी घरी कधीच खरं सांगत नाही. बाबा अजून विचारतात, "पुरतात ना?" मी म्हणते, उरतात.

पूल. यावर मला थोडं लिहायचंय कारण हे घरी सांगता आलं नाही. जुलैमध्ये पादऱ्याजवळचा गंभीरा पूल पडला, महीसागरवरचा, १९८५ चा. माणसं गेली. त्या दिवशी लॅबमध्ये सगळे माझ्याकडे आले, कारण या गावाला पूल पडणं म्हणजे काय ते माहीत झालं होतं. इथल्या पुलाचा तपास आमच्याच विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी केला. आतली ताणलेली पोलादी तार बांधकामाच्या वेळच्या ओलीनं आतल्या आत चिरत गेली होती, पन्नास वर्षं, बाहेरून काही दिसत नव्हतं. त्यानंतर याच जातीच्या तारा असलेले दुसरे पूल शोधून तपासायला घेतले, काही पाडलेही. एक मुलगा मला म्हणाला, "तुमच्याकडे आता काय करतील?" मी म्हटलं, तपास होईल. यापुढे मला बोलवेना. घरी फोन लावला तर बाबा म्हणाले, आपल्या ओळखीचं कोणी नव्हतं. म्हणजे आम्ही दोघंही तेच करत होतो.

खारीशिंग

👏 हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका.

सुरसागर_काठ

वेगळा मुद्दा. तिथे मराठी मंडळात जाता की गुजराती लोकांत? मी म्युनिकला असताना मंडळात गेलो गणपतीला. "कुठले तुम्ही?" "बडोद्याचा." "अच्छा, म्हणजे गुजराती." मी म्हटलं, चार पिढ्या मराठी बोलतोय हो घरात. तर एक बाई कौतुकानं म्हणाल्या, "पण किती छान मराठी बोलता!" मग नवरात्रीत गुजराती मंडळींकडे गेलो, गरब्याची दोन टाळी आणि तीन टाळी दोन्ही येतात म्हटल्यावर जागा झाली एकदम. तिथे कोणी विचारलंच नाही. पाय बघितले फक्त.

विश्वामित्री_ते_एल्बे

अगदी अगदी! ड्रेस्डेनला मुळात माणसं कमी, त्यामुळे इथे सगळे एकाच ठिकाणी असतात. गणपतीची आरती मी सांगते कारण पुण्याच्या मुलांना "घालीन लोटांगण" पुढे येत नाही. गरब्याला पाठीमागचा स्पीकरही मीच आणते. फुकटात दोन्हीकडचं काम.

मांडवीचा_भोंगा

पुणेकर प्रतिसाद देतील आता, चार तास थांबा.

पुण्यनगरी_शुद्ध

येतं आम्हाला. मंत्रपुष्पांजलीसुद्धा येते. धन्यवाद.

मांडवीचा_भोंगा

चार तास नाही लागले 🙂

टेक्नो_शेवटचं_वर्ष

ताई, मी टेक्नोमध्ये सिव्हिलच करतोय. ए.पी.एस. प्रमाणपत्राला (आपल्या पदवीच्या कागदांची जर्मन पडताळणी) किती वेळ लागतो? आणि हीवी लगेच मिळते का? घरी कर्जाचं चाललंय, त्यामुळे काम मिळेल की नाही हे बाबांना सांगायचंय.

विश्वामित्री_ते_एल्बे

@टेक्नो_शेवटचं_वर्ष, ए.पी.एस. साठी कागद लवकरात लवकर पाठव, प्रवेशाची वाट बघत बसू नकोस, त्याशिवाय व्हिसा होत नाही. हीवी पहिल्या सत्रात मिळेलच असं धरू नकोस. बाहेरचं काम वर्षाला १४० पूर्ण दिवसांपर्यंत करता येतं, पण जर्मन येत नसेल तर गोदामात खोकी उचलणं किंवा हॉटेलात भांडी, हेच मिळतं. मी केलंय, वाईट नाही, पण रात्री अभ्यास होत नाही. बाबांना सांग की पहिलं वर्ष कमाई शून्य धरून हिशेब करा. आणि जर्मन आत्तापासून शीक, बी-वन तरी. हे ऐकून ते नाही म्हणाले तर आत्ता म्हणू देत.

करेलीबागची_आई

हे बरं सांगितलंस. आम्हाला एजंटनं पहिल्या महिन्यापासून कमाई सांगितली होती.

थेट_बोला, काल रात्री मी मुलाला अँजिओप्लास्टीचं सगळं सांगितलं, तारखांसकट. तो आधी खूप चिडला, मग त्यानं सांगितलं की ऑगस्टमध्ये त्याची नोकरी गेली होती, अडीच महिने काम नव्हतं, दुसरीकडे लागल्यावर मग घर बदललं. आम्हाला घर बदललं एवढंच माहीत. मला अजून वाटतं मी केलं ते त्या वेळी ठीकच होतं. पण आता आमचं ठरलंय, दवाखाना आणि नोकरी, या दोन गोष्टी लपवायच्या नाहीत. बाकीचं चालेल.

थेट_बोला

काकू 🙏 मरणही त्यात घाला.

करेलीबागची_आई

घातलं.

रावपुरा_टू_रेजायना

आणि तापमान? आई इथे वाचते की नाही कोण जाणे.

अकोटा_स्टेडियम

धागाकर्ती, मी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अहमदाबादहून लाइपझिगला येतोय, दुबईमार्गे, कंपनीच्या कामाला. बॅगेत पाच-सहा किलो जागा आहे. तुमच्या घरून काही आणायचं असेल तर सांगा, बाजवाड्यातून उचलतो. रावपुऱ्यातले पेढे आणू का?

विश्वामित्री_ते_एल्बे

अरे वा! पेढे नकोत. युरोपात बाहेरून दुधाचं काही आणायला बंदी आहे, तूपसुद्धा नाही. विमानतळावर सापडलं तर डब्यासकट काढून घेतात. ताजा कढीपत्ताही नको, त्याला वेगळं प्रमाणपत्र लागतं. गंमत म्हणजे नारळ चालतो, पण नारळ इथे मिळतो.

भाकरवडी, आईचं मेतकूट आणि कांदा-लसूण मसाला. लीलो (ओला) चिवडा नको. आई ऐकणार नाही, ती तुमच्याकडे पेढ्यांचा डबा देईलच, "एवढासा तर आहे" म्हणून. तिथेच खाऊन टाका.

अकोटा_स्टेडियम

ही अट मान्य आहे. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा.

विश्वामित्री_ते_एल्बे

केला. घराखाली चपलांचं दुकान आहे, त्याच्या बाजूच्या जिन्यानं वर. आईला मी आज फोनवर सांगते, पण तुम्ही गेल्यावर चहा होईपर्यंत उठू देणार नाही ती, तासभर हातात ठेवून जा. आणि तिने पुलाचं विचारलं तर सांगायला हरकत नाही, मी सांगितलंय काल.